मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढलं?

"मॅडम, आम्ही दर शनिवार-रविवार मुलीबरोबर घरी विज्ञानाचे प्रयोग करतो. साहित्य आधीच आणून ठेवतो, दोघांचे फोन बंद, सगळा वेळ तिचा. आणि दर रविवारी संध्याकाळी घरात रडारड. तिला विज्ञानाची आवडच नाही का? की तिचं कशातच लक्ष लागत नाही?"

ही काळजी घेऊन एक आईबाबा माझ्याकडे आले होते. शब्द थोडे इकडेतिकडे करून हेच मी आजवर कितीतरी पालकांकडून ऐकलं आहे, म्हणून त्यांना विचारून ही हकिगत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगी नऊ वर्षांची, तिला पाच वर्षांचा धाकटा भाऊ. आईबाबा दोघंही नोकरी करणारे, आठवडाभर धावपळ, त्यामुळे शनिवार-रविवार त्यांच्या दृष्टीने फार मोलाचे.

पहिल्या भेटीला दोघंच आले. आईंनी पिशवीतून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्याच पानावर फ्रिजवर लावायच्या वेळापत्रकाची प्रत. शनिवारी तीन प्रयोग, रविवारी तीन. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, तरंगणं-बुडणं, बाटलीच्या तोंडावर बसवलेला फुगा, मेणबत्ती आणि पाणी, हळदीचा कागद, दोऱ्याचा लंबक. प्रत्येकाला पाऊण तास. प्रत्येक प्रयोगाचं एक पान, त्यावर चार चौकटी: साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. कोपऱ्यात चांदण्या चिकटवायला जागा. पाच चांदण्या झाल्या की बक्षीस.

किती मनापासून केलं होतं सगळं! ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. पाने उलटत गेले तशी एक गोष्ट मात्र नजरेत भरली. निष्कर्षाची चौकट प्रत्येक पानावर काठोकाठ भरलेली. 'यावरून असे सिद्ध होते की उष्णतेमुळे हवा प्रसरण पावते.' नऊ वर्षांचं मूल आपणहून 'यावरून असे सिद्ध होते' म्हणत नाही. आणि निरीक्षणाची चौकट बहुतेक पानांवर रिकामी.

ज्वालामुखीच्या पानावर तेवढी एक ओळ होती, पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत: 'फेस थंड होता.' तिच्याखाली मोठ्या माणसाच्या अक्षरात, पेनाने: 'कार्बन डायऑक्साइड वायू तयार झाला.'

"हे 'फेस थंड होता' कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"तिनेच. बोट घातलं होतं तिने फेसात," बाबा म्हणाले. "पण तो मुद्दा नव्हता ना त्या प्रयोगाचा. खरं तर ती क्रिया होताना आजूबाजूची उष्णता शोषली जाते, म्हणून ते मिश्रण..." एवढं बोलून ते थांबले. पानाकडे बघत राहिले.

ते का थांबले हे मला कळलं, आईंनाही कळलं असावं. कुणीच काही बोललं नाही.

थोड्या वेळाने ते स्वतःच बोलायला लागले. त्यांच्या शाळेत प्रयोगवही निष्कर्षासकट फळ्यावरून उतरवून घ्यायची असे. परीक्षानळी पहिल्यांदा हातात आली ती थेट कॉलेजात. घरी शंका विचारावी तर सगळे आपापल्या कामात. "माझ्या मुलीचं असं होऊ नये, मॅडम. तिने विचारलं आणि कुणी उत्तर दिलं नाही, असं एकदाही होऊ नये." हे वाक्य मी लिहून ठेवलं. या माणसाला उत्तर देण्याची घाई का होती, ते मला तिथे समजलं. ती मुलीवरची माया होती. त्याबद्दल त्यांना अपराधी वाटावं अशी माझी अजिबात इच्छा नव्हती.

दुसऱ्या भेटीला मुलीला घेऊन या, आणि एका प्रयोगाचं साहित्यही आणा, असं मी सांगितलं. बाबांनी मेणबत्तीचा प्रयोग निवडला. पसरट ताटलीत रंगीत पाणी, मधोमध बुटकी मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते आणि ताटलीतलं पाणी ग्लासात चढतं. पुष्कळ जणांनी हा प्रयोग शाळेत पाहिलेला असतो.

बाबांनी ताटली मांडली, पाणी ओतलं, मेणबत्ती चिकटवली, काडी ओढली. काडी मोठ्यांनीच ओढावी, त्यात वाद नाही. पण ग्लासही त्यांनीच घातला. मुलगी खुर्चीवर गुडघे टेकून टेबलावर ओणवी झाली होती, डोळे अगदी ग्लासाच्या काठाशी. ज्योत बारीक झाली, एकदा लांबली, विझली. धुराची एक रेघ ग्लासात गोल फिरली आणि पाणी सुर्रकन वर चढलं.

"बाबा, पाणी आत्ता का..."

"ऑक्सिजन संपला ना बाळा! मेणबत्तीने तो वापरला, त्याची जागा रिकामी झाली, तिथे पाणी शिरलं. हवेत ऑक्सिजन किती टक्के असतो? मागे केलंय आपण. ए... एक..."

"एकवीस," ती म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. बाहीचा एक दोरा सुटला होता, तो बोटाला गुंडाळायला लागली.

सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. पण रविवार संध्याकाळच्या रडारडीचं मूळ मला त्या अर्ध्या मिनिटात दिसलं. तिच्या प्रश्नात 'आत्ता' हा शब्द होता. बाबांनी उत्तर दिलं ते 'का'चं. 'आत्ता' तसाच राहून गेला.

मग आईबाबांना बाहेर बसायला सांगून मी तिला विचारलं, "तू काहीतरी 'आत्ता' म्हणत होतीस. काय होतं ते?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मेणबत्ती जळत होती ना, तेव्हा पाणी जवळजवळ हललंच नाही. विझल्यावर एकदम गेलं. ऑक्सिजन तर जळताना वापरला ना? मग पाणी तेव्हाच हळूहळू चढायला पाहिजे होतं." दोरा सोडून तिने ताटलीच्या काठावर बोट ठेवलं. "आणि ग्लास घातला तेव्हा इथून बुडबुडे आले. बाहेर."

"हे बाबांना सांगितलंस?"

"बाबांना माहीत असतं सगळं."

त्यात तक्रार नव्हती. बाबांचा अभिमानच होता. आणि म्हणूनच ते ऐकून मला वाईट वाटलं. मलाही शाळेत हेच उत्तर शिकवलं होतं, ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढतं. ते मी इतकी वर्षं धरून बसले होते. या मुलीने एकदा नीट पाहिलं आणि त्या उत्तरातली फट तिला दिसली. आणि तिच्याबद्दल प्रश्न काय, तर हिचं कशात लक्ष लागत नाही!

तिची परवानगी घेऊन मी हे आईबाबांना सांगितलं. बाबा आधी म्हणाले, "अहो, पण पुस्तकात तर..." मग गप्प झाले. मग म्हणाले, "विझल्यावरच चढतं, हे खरंय. मी इतक्यांदा केलाय हा प्रयोग." आणि शेवटी, "मग खरं कारण काय?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आणि माझी एकच विनंती आहे. आज रात्री शोधून काढा हवं तर, पण तिला सांगू नका. एक शनिवार थांबा."

इथे थोडं थांबून सांगते, कारण पालक नेहमी विचारतात की गप्प राहून काय होणार, मुलाला उत्तर दिलेलं बरं नाही का. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक होत्या. विज्ञानाच्या वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून त्यांनी १९७४ मध्ये मांडलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किंवा मुलाचं बोलणं संपल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि पुढे सरकतात. तीच थांबण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, जी मुलं एरवी बोलत नसत ती बोलू लागली आणि मुलं स्वतःहून प्रश्न जास्त विचारू लागली. तीन सेकंद! आम्ही तिघांनी माझ्या खोलीत ते मोजून पाहिले. बाबांना दुसऱ्या सेकंदालाच चुळबुळ व्हायला लागली.

दुसरा अभ्यास मला त्याहून जवळचा वाटतो. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांना एक नवीन खेळणं दिलं. त्यात चार गमती लपवलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने 'बघ, हे असं चालतं' म्हणत त्यातली एक गंमत करून दाखवली. काहींसमोर तीच गंमत चुकून झाल्यासारखी झाली. ज्यांना मुद्दाम शिकवलं होतं, ती मुलं तेवढंच करत बसली आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. जाणत्याने एकच गोष्ट दाखवली म्हणजे यात दाखवण्यासारखं तेवढंच असणार, असं त्यांनी धरलं. मुलांचा हा तर्क अगदी बरोबर आहे. त्यांचा आपल्यावर विश्वास असतो म्हणून तर ती असं धरतात.

म्हणजे शिकवायचंच नाही का? तसं मी कधीच म्हणणार नाही. काडी कशी धरायची, केस मागे का बांधायचे, पेटलेली मेणबत्ती सोडून उठायचं का नाही, हे स्पष्ट आणि आधीच शिकवायचं. पण 'यात काय दिसणार' हे आधी सांगून टाकलं की बघण्यासारखं काही उरत नाही.

पुढच्या शनिवार-रविवारसाठी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. प्रयोग एकच, तोही हाच मेणबत्तीचा. बाबांना दोन दिवसांत एकच प्रयोग म्हणजे वेळ वाया जाईल असं वाटत होतं. मी त्यांना मायकेल फॅरेडेंची आठवण करून दिली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०च्या नाताळात त्यांनी मुलांसाठी व्याख्यानं दिली, ती सहाच्या सहा एका मेणबत्तीवर. ज्योत, मेण, धूर, हवा, पाणी, सगळं त्या एका मेणबत्तीतून काढलं. आपण एका शनिवार-रविवारात सहा प्रयोग उरकतो.

चांदण्या काढून टाकायच्या, असंही ठरलं. आईंना हे जड गेलं, कारण चांदण्या मिळाल्या की मुलगी खूश दिसायची. त्यांना मी लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा अभ्यास सांगितला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांकडे इतरांच्या साधारण निम्माच वेळ वळली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं होतं, त्यांच्या आवडीवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे कौतुक करायला हरकत नाही. 'हे केलंस तर ते देईन' हा सौदा मात्र आवडत्या गोष्टीला जोडू नये.

मग आईंनी एक चांगला प्रश्न विचारला. "तिने विचारलं की मी उलट 'तुला काय वाटतं?' असं विचारू का? सगळीकडे तसंच सांगतात."

विचारा, पण जपून, असं मी म्हटलं. ज्याला उत्तर माहीत आहे अशा माणसाने 'तुला काय वाटतं?' विचारलं की मुलाला ती तोंडी परीक्षा वाटते. ते आपल्या चेहऱ्यावर उत्तर शोधायला लागतं. त्यापेक्षा 'हे कसं बघता येईल?' हा प्रश्न मला माझ्या अनुभवात जास्त उपयोगी पडला आहे. त्याने मूल आपल्या तोंडाकडे न बघता टेबलाकडे बघतं. आणि निष्कर्षाची चौकट काही दिवस पूर्ण बंद. वहीत फक्त 'काय दिसलं' एवढंच, तिच्या शब्दांत किंवा चित्रात, शुद्धलेखन न तपासता.

पुढच्या आठवड्यात चौघंही आले. बसायच्या आधीच सगळे एकदम बोलत होते, म्हणजे गोष्ट चांगली घडली आहे हे कळलंच. ती मी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली.

शनिवारी सकाळी बाबांनी साहित्य मांडून ठेवलं आणि "काडी लागली की मला सांग," म्हणून शेजारी बसले. पहिला बराच वेळ काहीच झालं नाही. मुलगी ताटलीतलं पाणी ग्लासात आणि ग्लासातलं ताटलीत करत बसली. धाकट्याने कोपरापर्यंत बाही भिजवली. "मी दोन्ही हात काखेत घालून बसलो होतो," बाबा म्हणाले. "नाहीतर माझा हात गेलाच असता."

मग तिने स्वतः ग्लास घातला. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी पाणी विझल्यावरच चढलं. मग म्हणाली, "दोन मेणबत्त्या लावू या?" दोन लावल्या. पाणी जास्त चढलं. तीन लावल्या. आणखी जास्त. तिने ग्लासावर कागदाची पट्टी चिकटवून पेनने खुणा केल्या: १, २, ३.

त्या तीन खुणांकडे बघून बाबा मोठ्याने म्हणाले, "अरे, ग्लास तोच. म्हणजे आतली हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी जास्त का?"

आई सांगत होत्या, "मॅडम, मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं! बाबांना माहीत नाही, असं त्या घरात पहिल्यांदाच झालं असेल. ती उठून त्याच्या मांडीवर जाऊन बसली. मोठी झाल्यापासून बसत नाही ती."

बुडबुडे धाकट्याच्या वाट्याला आले होते. मोजायचं काम त्याचं. त्याचा आकडा दर वेळी वेगळा यायचा, पण तीन मेणबत्त्यांना जास्त बुडबुडे येतात हे त्यानेच सांगितलं. "हवा पळते," म्हणाला. का पळते, यावर शनिवारची संध्याकाळ गेली. उत्तर मिळालं नाही. तसेच झोपले सगळे. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळ्यात कठीण होतं, कारण तोवर त्यांनी वाचून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मुलगी स्वतःच ती जुनी फाइल घेऊन आली आणि बाटली-फुग्याचं पान काढलं. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तोंडावर फुगा बसवायचा. बाटली गरम पाण्यात धरली की फुगा उभा राहतो, गार पाण्यात धरली की लोळतो. हाच प्रयोग दीड महिन्यापूर्वी तिने केला होता. त्या दिवशी 'प्रसरण' हा शब्द दोनदा चुकला, पान पुन्हा लिहायला लावलं आणि त्यावरून रडारड झाली होती. तेच पान ती आता आपणहून उघडत होती, कारण आता तिला त्याची गरज होती.

बाटली गरम पाण्यात, गार पाण्यात, पुन्हा गरम पाण्यात. मग म्हणाली, "मेणबत्तीने ग्लासातली हवा गरम होते, मोठी होते आणि थोडी खालून पळून जाते. ते बुडबुडे. मेणबत्ती विझली की उरलेली हवा गार होते आणि आक्रसते. म्हणून पाणी वर येतं. तीन मेणबत्त्या असल्या की जास्त गरम, म्हणून जास्त पळते."

मुख्य कारण हेच आहे. आतली हवा गार होऊन तिचा दाब कमी होतो, बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतल्या पाण्यावर असतोच, तो पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण तो सगळा संपत नाही. २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. आणि जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वाफेचं पुन्हा पाणी होतं, त्यामुळे थोडा फरक पडतो, पण तो लहान. हे बाबांनी तिला सांगितलं, मात्र तिने "मग ऑक्सिजनचं काय?" असं विचारल्यावर. त्या वेळी ती शेवटपर्यंत ऐकत बसली. वहीत 'काय दिसलं'खाली तिने लिहिलं होतं: 'पाणी थांबतं आणि मग धावतं.'

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. तिसऱ्या शनिवारी बाबांनी हौसेने नवं किट आणलं, उघडून मांडलं आणि म्हणाले, "चला, आज आपण विजेचं रहस्य शोधून काढू." मुलगी म्हणाली, "आज नको." बाबा दुखावले. "तुझ्यासाठी एवढं करतो आम्ही," हे वाक्य निघालंच, आणि त्यामागोमाग जुनी रडारड. सोमवारी त्यांचा मला फोन आला. आवाज पडलेला होता.

मी त्यांना म्हटलं की तिने नको म्हटलं ते किटला म्हटलं, विज्ञानाला नाही आणि तुम्हाला तर नाहीच. शोधायचा प्रश्न तुम्ही आधीच ठरवून आणला होता. किटमध्ये काही वाईट नाही. ते तिच्या हाताला लागेल अशा कपाटात ठेवा आणि विसरून जा. आणि एखादा रविवार नुसता लोळण्यात गेला तर जाऊ द्या. आठवडाभर शाळेत ती दुसऱ्यांच्या वेळापत्रकाप्रमाणेच वागत असते.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांबद्दलही मला इथे बोलायला हवं. पालकांनी रात्री जागून बनवलेले चकचकीत प्रकल्प मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागे उभं राहून पाठ केलेलं बोलणारी मुलंही. कुणी मधेच वेगळा प्रश्न विचारला की मूल घाबरून आईकडे बघतं. तुमच्या मुलाचा प्रकल्प वाकडा, डिंकाने बरबटलेला असू द्या. तो त्याचा असला की मधला प्रश्न आला तरी त्याला सांगण्यासारखं काहीतरी असतं.

आता मूळ काळजीकडे येते, कारण ती नेहमीच अनाठायी असते असं नाही. मूल एका प्रयोगाला कंटाळतं, पण चित्र, गोष्ट, खेळ, किडे-मुंग्या यात रमतं, तेव्हा त्याचं लक्ष ठीक आहे. प्रत्येक मुलाला विज्ञानच आवडलं पाहिजे असंही नाही. पण मूल कित्येक आठवडे कशातच रमत नसेल, पूर्वी आवडणारं सगळं सुटलं असेल, झोप-भूक बदलली असेल, फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं वाचताना त्रास होत असेल, हाक ऐकू येत नसेल, सूचना दोन पावलांच्या पुढे लक्षात राहत नसेल आणि हे घरी, शाळेत, खेळताना सगळीकडेच दिसत असेल, तर डॉक्टरांना आणि समुपदेशकाला जरूर दाखवा. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. नुसत्या चष्म्याने 'लक्ष नसलेली' मुलं पुन्हा वहीत रमलेली मी पाहिली आहेत. या मुलीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

त्या कुटुंबाच्या एकूण पाच भेटी झाल्या. शेवटच्या भेटीत बाबा म्हणाले की तीन सेकंद थांबणं अजून जमतंच असं नाही. कधीकधी उत्तर तोंडातून निघून जातं, मग तेच म्हणतात, "थांब, तुझं राहिलं. तू काय म्हणत होतीस?" मला हे फार आवडलं. बाबा आपला शब्द मागे घेतात, हे त्या मुलीने पाहिलं आहे.

त्यानंतर दोन-एक महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी आईंच्या फोनवरून एक निरोप आला. लिहिणारी आई नव्हती, हे पहिल्याच ओळीत कळलं.

'एक उंच मेणबत्ती आणि एक ठेंगणी मेणबत्ती. दोन्ही लावायच्या आणि एकच मोठी बरणी उपडी घालायची. आधी कुठली विझेल? बाबा म्हणतात ठेंगणी, कारण कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो खाली बसणार. मी म्हणते उंच. आई म्हणते दोन्ही एकदम. उद्या सकाळी बघणार आहोत. तुम्हाला माहीत असेल तर सांगू नका.'

मला माहीत नव्हतं. त्या रात्री मी घरातले खण धुंडाळून दोन मेणबत्त्या काढल्या, त्यातली एक सुरीने कापून अर्धी केली आणि मोठी बरणी पुसून टेबलावर घेतली.